‘मी घाबरलो’ म्हणायला मला वीस वर्षं लागली

(पत्र थोडं कमी करून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून छापलं आहे.)

प्रिय काका,

काका म्हटलं तर चालेल ना? आणि मला अरे-तुरेच करा.

मी 28 वर्षांचा, मूळचा सांगलीकडचा, पुण्यात नोकरीला. चार वर्षांपासून एका पुरुषाबरोबर राहतो. हा 36 चा आहे, बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर, घर परभणी जिल्ह्यात. घरमालकांच्या लेखी आम्ही रूममेट.

मला वाचायचा नाद आहे. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मोबाइलवर इंग्रजी प्रेमकथा वाचतो, ज्यांत दोन्ही नायक पुरुष असतात. ते कधी ना कधी बोलतात. ‘तू सोडून जाशील याची भीती वाटते’ असं एकमेकांना सांगतात, रडतात. हा कधीच बोलत नाही. काय झालं विचारलं की ‘काही नाही, ठीक आहे.’ मी त्याला त्यातली एक कादंबरी वाचायला दिली. तीस पानं वाचून म्हणाला, ‘असं कोण बोलतं?’ त्यावरून दोन दिवस भांडण झालं.

मे महिन्यात त्याच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. मी ‘पुण्याचा मित्र’ म्हणून गेलो. शेवटी सगळं घर फोटोला उभं राहिलं तेव्हा त्याच्या आई म्हणाल्या, ‘बाळा, एवढं धर जरा,’ आणि त्यांची पर्स अन् दोन मोबाइल माझ्या हातात आले. फोटोग्राफर जेवायला गेला होता, म्हणून फोटोही मीच काढला. हा मधोमध उभा होता, हसत. त्या दिवशी याने मला जेवूही दिलं नाही. शेवटच्या पंगतीपर्यंत थांबवून ठेवलं, चार वाजता त्याच्या शेजारी बसून गार पुऱ्या खाल्ल्या.

तेव्हापासून याला स्थळं येताहेत. हा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. रात्री जवळ येतो, पण दिवा बंद असला तरच. उजेडात नुसता हात धरला तरी सोडवून घेतो.

गोष्टी वाचून माझ्या अपेक्षा बिघडल्या आहेत का? की याचं माझ्यावर प्रेमच नाही?

अ., पुणे

*

प्रिय अ.,

काका चालेल.

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी परत वाचलं. प्रश्न तू दोन विचारले आहेस, पण पत्रात डोळ्यांत भरतो तो फोटो. एका हातात पर्स, खिशात दुसऱ्यांचे मोबाइल, आणि ‘जरा आत सरका’ म्हणत तू काढलेला घरच्यांचा फोटो. ते वाचून मला फार वाईट वाटलं, हे आधी सांगतो. अशा लग्नांत मीही मित्र म्हणून आहेराची पाकिटं सांभाळत बसलो आहे. फोटोकडे परत येऊच.

आधी तुझ्या गोष्टींचं बोलू. गोष्टी वाचून तू बिघडलेला नाहीस. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने ‘मॉरिस’ ही कादंबरी 1913-14 मध्ये लिहिली. दोन पुरुषांचं प्रेम, आणि शेवट सुखाचा. शेवट सुखाचा करायचाच हा त्याचा हट्ट होता. शेवटी कुणी गळफास घेतला असता तर पुस्तक छापायला अडचण आली नसती, अशा अर्थाचं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. कादंबरी छापून आली 1971 मध्ये, तो गेल्यावर वर्षभराने. हाच फॉर्स्टर 1921 मध्ये देवासला राहून गेला, थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा सचिव म्हणून. मराठ्यांच्या त्या संस्थानात तो वावरत होता तेव्हा कादंबरी लिहून सात वर्षं झाली होती आणि ती वाचलेली माणसं होती अगदी मोजकी. तू बसच्या खिडकीशी बसून जे वाचतोस, तसलं लिहिणाऱ्याला एकेकाळी ते जन्मभर दडवून ठेवावं लागलं. पोटभर वाच. दोन पुरुष सुखाने एकत्र राहू शकतात हे कुठेतरी लिहिलेलं सापडणं ही साधी गोष्ट नाही. मला तुझ्या वयात ते सापडलं नव्हतं.

पण त्या गोष्टींत एक फसगत आहे, ती नीट बघ. बऱ्याच कादंबऱ्यांत एक प्रकरण एकाच्या तोंडून असतं, पुढचं दुसऱ्याच्या. वाचणारा दोघांच्याही मनात बसलेला असतो. एक जण दार आपटून निघून गेला तरी आपल्याला ठाऊक असतं की जिन्यात बसून तो रडतो आहे. म्हणून आपण पानं उलटत राहतो, आपला धीर सुटत नाही. घरी तुला एकच प्रकरण वाचायला मिळतं, तुझं स्वतःचं. त्याचं प्रकरण कुणी छापलेलं नाही. तो दार लावून आंघोळीला गेला की तुझ्यापुढे फक्त बंद दार असतं. त्या बाजूला काय चाललं आहे हे तू चार वर्षं अंदाजाने भरत आला आहेस, आणि तुझा अंदाज दर वेळी वाईटाकडेच झुकतो.

त्या गोष्टींत एक ठरलेला प्रसंगही असतो, तुझ्या लक्षात आला असेल. एकाला ताप येतो किंवा लागतं, आणि एरवी दगडासारखा असलेला दुसरा रात्रभर उशाशी बसतो. पुरुषाला हळवं व्हायला समोरच्याचं आजारपण लागतं, हे लिहिणारीला बरोबर कळलेलं असतं. मुद्दाम लिहिणारी म्हटलं. या गोष्टींची वाट बरीचशी बायकांनी पाडली आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्या बायका कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहून, त्यांचे अंक काढून एकमेकींना टपालाने पाठवत. त्याच दशकात जपानमध्ये केइको ताकेमिया, मोतो हागिओ अशा चित्रकथाकार बायकांनी मुलामुलांच्या प्रेमाच्या चित्रकथा काढल्या. आजही हे लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत बायका खूप आहेत. काही जण यावरून नाक मुरडतात, की बायकांनी लिहिलेलं, यात खरे पुरुष कुठे असतात. मला तसं वाटत नाही. बायकांनी पुरुषांच्या तोंडी जी वाक्यं घातली ती त्यांना ऐकायची होती म्हणून घातली असतील, पण तीच वाक्यं आपल्यालाही बोलायची होती. आपल्या जिभेवर ती येत नव्हती, एवढंच.

ती का येत नव्हती, हे मी स्वतःवरून सांगतो. आमच्या घरच्या माणसाला विचारून सांगतो आहे.

1993 साली मी दादरला होतो आणि तो नागपूरला. फोन करायचा तर एसटीडी बूथ, आणि मागे रांग. म्हणून पत्रं. त्याच्या घरी टपाल त्याचा मोठा भाऊ फोडायचा. मग आम्ही ठरवलं की मी मुलगी व्हायचं. निळ्या आंतरदेशीय पत्रावर मी एका मुलीचं नाव घातलं आणि लिहायला बसलो. तुला माहीतच आहे, आपल्या मराठीत लपायला जागा नाही. इंग्रजीत ‘माय पार्टनर केम’ म्हटलं की निभावतं. मराठीत आला की आली हे पहिल्याच क्रियापदाला सांगावं लागतं, आणि स्वतःबद्दल बोलायचं तरी गेलो की गेले हे ठरवूनच तोंड उघडावं लागतं. तर मी लिहिलं, ‘गाडी सुटल्यावर मी प्लॅटफॉर्मवर तशीच उभी राहिले. मग खूप रडले.’

उभा मी होतो, रडलोही मीच होतो. पण ‘रडले’ लिहिताना हात अडखळला नाही. पुढच्या पत्रात ‘मी घाबरले आहे’ लिहिलं. त्याच्या पुढच्या पत्रात ‘तू नसलास की मी वेडी होते’ इथवर गेलो. आठ वर्षं मी त्या मुलीच्या नावाने लिहीत होतो, आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी मोकळी होती. त्याच्या भावाने ती पत्रं वाचली, हसला, ‘पोरगी चांगली आहे’ म्हणाला.

2001 मध्ये त्याची बदली मुंबईला झाली आणि आम्ही डोंबिवलीत भाड्याने खोली घेतली. आता पत्रांची गरजच नव्हती. समोरासमोर बसलो, आणि माझी वाचा बसली. पत्रांतली सगळी वाक्यं पाठ होती, पण ती बाईच्या तोंडची होती. ‘मी रडलो’, ‘मी घाबरलो’ ही क्रियापदं उच्चारायला गेलं की लहानपणापासून ऐकलेलं सगळं आडवं यायचं. ‘पोरीसारखा रडतोस काय’, ‘मुलगा ना तू’. तो विचारायचा, ‘काय झालं?’ मी म्हणायचो, ‘काही नाही, ठीक आहे.’ अगदी तुझ्या घरातलं वाक्य.

पुढची बारा वर्षं आम्ही सुखात राहिलो, हे खोटं नाही. भाजी कोण आणणार, गॅस कधी लावला, कुणाच्या आईचं बीपी वाढलं, सगळं बोलायचो. आत मात्र जायचो नाही. मग 11 डिसेंबर 2013 चा दिवस आला. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवलं, म्हणजे आम्ही पुन्हा गुन्हेगार झालो. ऑफिसात टीव्हीवर बातमी चालू होती आणि मी इतरांसारखाच मान वळवून कामाला लागलो. संध्याकाळी घरी आलो. तो ओट्याशी पिठलं ढवळत होता. मी बूटही न काढता दारातल्या स्टुलावर बसलो आणि म्हणालो, ‘मी घाबरलोय.’

त्याने गॅस बंद केला. हातातली पळी तशीच, तिच्यावरून पिठलं फरशीवर ठिबकत होतं. म्हणाला, ‘मी पण.’

एवढंच झालं. भाषणं नाहीत, मिठ्या नाहीत. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या, तेच आम्ही खाल्लं. पण त्या रात्रीनंतर आमच्या घरात बोलणं बदललं. पहिल्या पत्रापासून मोजलं तर त्या दोन शब्दांना वीस वर्षं लागली होती.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण तुझा हा आणि तू, तुमच्या वयांत आठ वर्षांचं अंतर आहे, आणि आपल्या बाबतीत ती आठ वर्षं फार मोठी आहेत. 2 जुलै 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयाने 377 ची धार काढली तेव्हा तो विशीत पाऊल टाकत होता. कॉलेजातल्या पोराला वाटलं असेल, आता दार उघडलं. चार वर्षांनी, नोकरीला लागून स्थिर होता होता, ते दार परत त्याच्या तोंडावर बंद झालं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 377 ची धार परत काढली आणि ते पुन्हा उघडलं, तेव्हा तो तिशीला आला होता. तू त्या दिवशी विशीत होतास. तू उघड्या दारातून आत आलास. ज्याने दार उघडलेलं आणि आपटलेलं दोन्ही पाहिलं, तो उंबऱ्यावर रेंगाळतो. आणि 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयात आपल्या लग्नाच्या हक्काला नकार मिळाला तो तर तुम्ही दोघांनी एकाच घरात बसून ऐकला असेल. त्या दिवशी तुम्ही एकमेकांशी काय बोललात ते आठवून बघ.

उजेडात हात सोडवून घेण्याचंही तसंच आहे. आपल्याकडे दोन पुरुष रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात हात टाकून चालले तर कुणी वळून बघत नाही. दोस्त आहेत, चालायचंच. त्या स्पर्शात ज्यांच्या मनात काही नाही ते बिनधास्त असतात, आणि ज्यांच्या मनात आहे तेच हात खिशात घालून चालतात. तो हात सोडवतो तेव्हा तुला वाटतं की मी नकोसा आहे. बहुतेक वेळा तो हात अशा माणसाचा असतो ज्याला त्या स्पर्शाचा अर्थ फार नीट कळतो. अंधारात मात्र त्याचा चेहरा कुणाला दिसत नाही, तुलाही नाही. त्याला शरीराची लाज वाटत नसावी. जवळ आल्यावर चेहऱ्यावर जे उमटतं, ते दिसू देण्याची सवय त्याला नसावी. एकदा मोठा दिवा घालवून नुसता स्वयंपाकघरातला दिवा राहू दे. बोलू नको त्यावर. जमलं तर जमलं, नाही जमलं तर त्या रात्री राहू दे.

आता तुझा दुसरा प्रश्न, प्रेमाचा. त्याचं उत्तर मला इथून देता येत नाही. पण तुझ्या पत्रात तू रागाने लिहिलेली एक गोष्ट मी वेगळी वाचली.

लग्नघरात पहिल्या पंगतीला कोण बसतं? पाहुणे, लांबून आलेली माणसं, मुलाचे मित्र. ‘पुण्याहून आलाय, त्याला आधी बसवा’ असं कुणीतरी म्हणालंच असेल. घरचे शेवटी बसतात, वाढपी आणि आचारी जेवायच्या जरा आधी, गार पुऱ्यांना. याने तुला पहिल्या पंगतीला बसवलं नाही. चार वाजेपर्यंत ताटकळत ठेवलं आणि शेवटच्या पंगतीत आपल्या शेजारी घेतलं. फोटोत त्याला तुला घेता आलं नाही. पानावर घेतलं.

मी चुकतही असेन. नुसता धांदलीत विसरला असेल. पण विचारल्याशिवाय तुलाही ते कळणार नाही.

आणि लगेच हेही सांगतो. ‘तो बोलत नाही, करून दाखवतो’ हे वाक्य आपल्या आयांनी आपल्या वडिलांबद्दल जन्मभर म्हटलं आणि त्या वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. तू ते म्हणू नकोस. गार पुरी त्याच्या शेजारी बसून खाल्ली तरी माणसाला एक वाक्य लागतं. तुझी मागणी चुकीची नाही.

काही ठिकाणी तर न बोललेलं चालतच नाही. स्थळांचं तसं आहे. तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, यात तू आहेस, तो आहे, आणि तिसरी एक मुलगी आहे. तिचा फोटो कुठल्या तरी विवाह मंडळातून त्याच्या आईच्या मोबाइलवर येतो. कांदेपोह्यांना ती बसेल, होकाराची वाट बघेल, आणि लग्न झालंच तर तिच्या वाट्याला असा नवरा येईल जो अंधारातसुद्धा तिच्याकडे वळणार नाही. अशा बायकांची पत्रं मला येतात, अ. त्यांतली काही दहा-दहा वर्षांच्या संसारानंतरची असतात. ती वाचून झोप लागत नाही. म्हणून त्याला स्पष्ट विचार, ‘तू मुलगी बघायला जाणार आहेस का?’ इथे ‘बघू’ हे उत्तर धरू नको. आईला काय सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्याचं त्याने ठरवू दे. त्याची घाई तू करू नको. पण ‘मला लग्न करायचं नाही’ एवढं म्हणायला कुणापुढे काही उघड करावं लागत नाही. तेवढंही पुढच्या काही महिन्यांत त्याच्या तोंडून निघालं नाही, आणि एखाद्या रविवारी तो नवा शर्ट घालून परभणीला निघाला, तर तू तुझी बॅग भर. तेव्हा पंगतीतली पुरी आठवत बसू नको.

आता बोलायचं कसं. तू त्याला कादंबरी दिलीस, आणि मनातून अपेक्षा केलीस की तीस-चाळीस पानांनी तो तसा बोलायला लागेल. त्याला ती परीक्षा वाटली असणार. ‘असं कोण बोलतं?’ हा त्याचा प्रश्न मला टोमणा वाटला नाही, मला तो खराच प्रश्न वाटला. परभणीच्या घरात, साइटवरच्या कंटेनर ऑफिसात, कुठल्या पुरुषाला तसं बोलताना त्याने ऐकलं असेल? पुस्तक तर इंग्रजी. त्यातली वाक्यं मराठीत आणली की ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ होतं, ते सिनेमातलं वाटतं. आपल्या माणसाला आपण ‘पोचलास की फोन कर’ म्हणतो, ‘जेवलास का’ विचारतो. तीस वर्षांत माझ्या घरात ‘प्रेम’ हा शब्द बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आला असेल.

आणि आता तो फोटो. मी पत्र परत परत वाचलं ते एवढ्यासाठी की फोटो काढताना तुला काय झालं हे तू त्याला सांगितलंस का, ते सापडतं का बघावं. सापडलं नाही. मे महिन्यापासून तू त्याला ‘बोल, बोल’ म्हणतो आहेस. पण तुझ्या हातात पर्स होती, डोळ्यांत पाणी आलं म्हणून एखादा फोटो हललाही असेल, आणि परतीच्या प्रवासात त्याने ‘काय झालं?’ विचारल्यावर तू काय म्हणालास? मला वाटतं, ‘काही नाही, दमलोय’ असंच काहीतरी. मला ते सांगितलंस, मी तर अनोळखी माणूस. त्याला सांगितलं नाहीस. तुझ्या गोष्टींतले नायक ज्या धैर्याने बोलतात ते तू त्याच्याकडे मागतो आहेस, आणि स्वतः मात्र वाचकाच्या जागेवर बसून आहेस.

आधी तू सांग. समोर बसवून नको. समोर बसवलं की साहेबाच्या केबिनमध्ये बोलावल्यासारखं होतं. पुण्यात तुमच्याकडे दुचाकी असेलच. एखाद्या सकाळी सिंहगडाच्या रस्त्याला काढा, त्याला चालवू दे, तू मागे बस. दोन पुरुषांना भर दिवसा, भर रस्त्यात एकमेकांना टेकून बसता येतं आणि कुणाला काही वाटत नाही, अशी ती जागा आहे. डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. वाऱ्यात अर्धं बोलणं उडून जातं, म्हणून बोलायला धीर येतो. तिथे त्याच्या कानाशी सांग, ‘तुझ्या घरच्यांचा फोटो काढला ना, तेव्हा मी रडलो.’ पुल्लिंगी क्रियापद, पूर्ण वाक्य. पुढे ‘आणि तुला काय वाटलं?’ विचारू नको. लगेच काही मागितलं की सांगितलेल्याचा हिशेब होतो. गप्प बस. गाडी चालू दे.

तो काहीच बोलणार नाही, अशी तयारी ठेव. कदाचित चहाच्या टपरीवर गाडी थांबवेल आणि तुझ्या भज्यांचे पैसे देईल. कदाचित आठ दिवसांनी, भाजी निवडताना, भलत्याच विषयातून त्याचं उत्तर येईल. आमच्या घरात उत्तरं अशीच यायची. आलं की तेव्हा हातातली मेथी खाली ठेव आणि ऐक. मध्ये ‘हो ना, मला पण’ करत तुझी गोष्ट पुढे काढू नको. आणि त्याने सांगितलेलं पुढच्या भांडणात कधीही त्याच्या अंगावर फेकू नको. हळवं काही सांगितल्यावर ते एकदा जरी उलटून अंगावर आलं, तरी आपण पुरुष परत तोंड उघडत नाही.

दोघांना तिसऱ्या माणसाची मदत घ्यावीशी वाटली तर घ्या. आपल्यासारख्यांसाठी पुण्यात समपथिक ट्रस्ट 2002 मध्ये सुरू झाला, मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून काम करतो आहे. रात्रीअपरात्री फार कोंडल्यासारखं झालं तर सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा 14416 वर आहे, मराठीत बोलता येतं. फक्त कुणी डॉक्टर ‘हे बदलून देतो’ म्हणाला तर फी न देता उठा. समलैंगिकता ‘बरी’ करण्याचा दावा हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या परिषदांना कळवलं आहे.

आणखी एक, कागदाचं. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आपल्यासारख्या जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. तुला वाटेल, मी मनाचं विचारलं आणि काका बँकेत निघाले. पण आम्ही खातं काढायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने फॉर्म बघून विचारलं, ‘नातं काय लिहू?’ आणि तो, बारा वर्षं आमच्या खोलीतही ज्याने आपणहून कधी काही म्हटलं नव्हतं, तो पेन तिच्याकडून घेऊन म्हणाला, ‘द्या, मी लिहितो.’ त्याने काय लिहिलं ते मी तुला सांगणार नाही, ते आमचं आहे. पण बोलायला न येणाऱ्या माणसाला कधी कधी लिहायला एक रकाना लागतो.

पत्रभर तू त्याला ‘हा’ म्हटलं आहेस. माझी आजी आजोबांना ‘हे’ म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायला तिला उखाणा लागायचा. तिच्या बोलण्यात त्या ‘हे’चा जो सूर असायचा तोच मला तुझ्या ‘हा’मध्ये ऐकू आला, अगदी रागाच्या ओळींतसुद्धा. सिंहगडाहून आल्यावर मला परत लिही. आणि त्या पत्रात त्याचं नाव लिही. छापणार नाही, पण मला कळू दे.

तुझा,
काका